पंखा बंद करून

सांगलीत एक कथालेखिका राहत होती. दिवसा बँकेत काउंटर सांभाळायची आणि रात्री जेवणं आटोपून ओटा पुसून झाला की डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर वही उघडून बसायची. वर्षाला दोन, फार तर तीन कथा, त्याही दिवाळी अंकांसाठी. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते पावसाळ्यात सुरू होतं, असं ती गमतीनं म्हणायची. जूनमध्ये संपादकांचा गोड फोन येतो, ऑगस्टमध्ये आठवणीचा फोन येतो आणि गणपती बसले तरी कथा पोचली नसेल तर तिसरा फोन येतो. त्यात गोडवा नसतो.

त्या वर्षीची कथा एका म्हातारीची होती. सांगलीच्या गावभागातला जुना वाडा, त्यात एकटी उरलेली म्हातारी. वाडा पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहणार. बिल्डरचा माणूस एका सकाळी किल्ली न्यायला येतो आणि म्हातारी ती देते. कथा एवढीच. पहिली दहा पानं सरसर उतरली होती. म्हातारीचा स्टोव्ह, तिची चिल्लर ठेवायची पितळी डबी, २००५च्या पुरात भिंतीवर चढलेली आणि नंतर कधीच पूर्ण न गेलेली पाण्याची रेघ, सगळं जागच्या जागी बसलं होतं. अडलं ते किल्ली देण्यापाशी. तो प्रसंग काही केल्या ओला होत नव्हता.

दोष तिनं घरातल्या आवाजांना दिला. तिचा तो दावा खोटाही नव्हता. नवऱ्याच्या टीव्हीवर चार माणसं एकाच वेळी भांडत असत. वरच्या मजल्यावरचा मुलगा पाढे म्हणायचा आणि सतराच्या पाढ्यात रोज त्याच ठिकाणी अडखळायचा. शेवटी इंजिनिअरिंगला असलेल्या तिच्या मुलानं आपला हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला.

“आई, गाणी लावून लिही. मोठमोठे लेखक तसंच लिहितात. स्टीफन किंगनं ‘ऑन रायटिंग’मध्ये सांगितलंय, तो मेटॅलिका, एसी/डीसी असलं कानठळ्या बसवणारं रॉक लावून लिहितो. म्हणतो, माझ्यासाठी ते दार लावून घेतल्यासारखं आहे. आणि मुराकामी तर लेखक व्हायच्या आधी टोकियोत जॅझचा बार चालवायचा.”

“दार लावायला आधी खोली लागते,” ती म्हणाली. पण हेडफोन काही काढला नाही.

आता प्रश्न आला की लावायचं काय.

पहिले दोन दिवस तिनं आवडीची भावगीतं लावली. हात भरभर चालला. तिसऱ्या दिवशी लिहिलेलं वाचलं तेव्हा कळलं की म्हातारीनं दूधवाल्याला ‘सजणा’ म्हटलं आहे. गाण्यातले शब्द आणि कथेतले शब्द एकाच बोळातून येजा करत होते आणि धक्काबुक्कीत एक शब्द इकडचा तिकडे झाला होता. ज्या गाण्याचे शब्द कळतात ते गाणं लिहिताना नको, एवढं तिनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

मग सनई लावली. शब्दांचा त्रास गेला, पण सनई ऐकत लिहिलेल्या पानावर किल्ली देण्याच्या प्रसंगाला लग्नघराची कळा आली. बिल्डरचा माणूस उगाचच नमस्कार करू लागला, म्हातारीनं नवं लुगडं नेसलं आणि अंगणात सडा पडला. मुलानं सुचवलेलं एका इंग्रजी युद्धपटाचं पार्श्वसंगीत लावलं, तर म्हातारी वाड्याचा जिना सेनापतीसारखी उतरली. एका रात्री तिनं नुसता पावसाचा आवाज लावला. तो इतका खरा होता की दहा मिनिटांत ती दोनदा उठून गॅलरीतले कपडे बघून आली.

आणि मग एका रात्री तिला भैरवी सापडली.

अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३०च्या दशकातली ध्वनिमुद्रिका. भैरवीतली ठुमरी. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं, म्हणून त्या काळच्या गवयांनी आपलं सगळं गाणं त्या तीन मिनिटांत दाबून भरायची कला कमावली. खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत जन्माचा निरोप भरला आहे. तिनं ती ठुमरी पुन्हापुन्हा वाजेल अशी लावून ठेवली आणि लिहायला लागली. दीड तासात पंचवीस-तीस वेळा भैरवी संपली आणि सुरू झाली. म्हातारीनं किल्ली दिली. लिहिता लिहिता हिच्या डोळ्यांतून पाणी आलं, वहीवर पडलं, ‘आयुष्य’मधला ‘ष’ पसरला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आपल्याला आपलं संगीत मिळालं, असं वाटून ती पहाटे दोन वाजता समाधानानं झोपली. त्याच आठवड्यात कथा टाइप करून संपादकांना पाठवली.

आठ दिवसांनी फोन आला. संपादक पुण्याचे, वयानं ज्येष्ठ, शब्द मोजून वापरणारे.

“अहो, दहा पानं उत्तम आहेत. अकराव्या पानावर काय झालं?”

“का? काय झालं?”

“म्हातारी रडतेय, तुम्ही रडताय आणि मी आपला चहा पितोय. मला काहीच होत नाहीये. पुन्हा बघता का जरा? दहा दिवस आहेत.”

तिला राग आला. बँकेत एखादा ग्राहक उगाच आवाज चढवतो तेव्हा येतो तसा, आत धरून ठेवायचा राग. त्या रात्री तिनं हेडफोन लावला, भैरवी लावली आणि अकरावं पान काढून वाचलं. पुन्हा डोळे भरले. मग तिची खात्रीच पटली. पान उत्तम आहे. हे संपादकच कोरडे ठणठणीत झालेत; वयानं होतं असं माणसाचं.

पण दहा दिवस होते आणि अंक मोठा होता. तिनं आपल्यापुरती तडजोड काढली. दोष लिखाणाचा नाही, भैरवीचा असेल. ठुमरी फार भरलेली असते, ती लिहिणाऱ्याला ओढत नेते. आपल्याला साधा सूर पाहिजे, नुसता मागे धरून ठेवणारा. म्हणजे तंबोरा. मोबाइलवरचा तंबोरा लावून पाहिला, तर तो लिफ्टच्या आवाजासारखा गुळगुळीत निघाला. तेव्हा तिला कपाटामागे उभा करून ठेवलेला आईचा तंबोरा आठवला. आई गाणं शिकवायची. ती गेल्याला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षं तंबोऱ्याची गवसणी कुणी सोडली नव्हती.

गवसणी सोडून तिनं तारा छेडल्या. खोकल्यासारखा आवाज आला.

रविवारी ती तंबोरा रिक्षात आडवा घालून मिरजेला गेली. सांगली आणि मिरज म्हणजे एकाच घरातल्या दोन खोल्या, दहा किलोमीटरचं अंतर. पण तंतुवाद्यांच्या त्या गल्लीत ती लहानपणी आईबरोबर एकदाच आली होती. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा तोच वास होता. दारातून आत छताला भोपळे टांगलेले. पंढरपूरच्या बाजूला भीमेच्या काठी पिकणारे हे भोपळे खायचे नसतात, तंबोऱ्या-सतारींसाठीच ते वाढवले आणि वाळवले जातात. भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण लॅमिनेट करून लावलेलं: २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्याची बातमी. त्याच्याखाली एक मुलगा भोपळ्यावर पेन्सिलीनं पानांची नक्षी आखत बसला होता, दुसरा दांडी घासत होता आणि कोपऱ्यात रेडिओवर जुनी हिंदी गाणी चालली होती.

दुकानाचे मालक सत्तरीच्या पुढचे होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, तारा न छेडता आधी घोडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. तबलीवर बसवलेली ती लहानशी चपटी घोडी. चारही तारा तिच्यावरून जातात.

“ह्ये बघा ताई. तारांनी घरं पाडलीत. वर्षानुवर्षं तार एकाच जागी घासते, तिथं खाच पडते. मग तार घोडीला नीट टेकतच नाही. जवारी गेली, तारेची गुंज गेली.”

“नीट होईल?”

“व्हायला काय झालं? आमचे वाडवडील तलवारींना धार लावायचे, शिकलगार आम्ही. तलवारी गेल्या, तेव्हा आमच्यातल्याच फरीदसाहेबांनी हा धंदा काढला. लोखंडावर चालणारे हात लाकडावर आले. बसा. पोरा, ताईंसाठी चहा सांग.”

चाचांनी तारा सैल केल्या, घोडीवर बारीक कानस चालवली. दोन हात मारायचे, फुंकर घालायची, डोळ्याच्या रेषेत धरून बघायचं, पुन्हा दोन हात. रेडिओ चालूच होता. मधूनच ते गाण्याबरोबर गुणगुणतही होते. अर्ध्या तासानं घोडीचा माथा गुळगुळीत झाला. तारा पुन्हा चढवल्या, खुंट्या पिळून सुरात आणल्या. पंचम, मग जोडीचे दोन षड्ज, मग पितळेच्या तारेचा खर्ज. मणी वरखाली सरकवून उरलेला केसभर फरकही काढला. मग त्यांनी डबीतून सुती दोऱ्याचे चार तुकडे काढले आणि आवाज चढवला.

“ए, रेडिओ बंद कर.”

रेडिओ बंद झाला.

“पंखा पण.”

मुलानं पंखा बंद केला. सप्टेंबरची दुपार. पाऊस थांबलेला, पत्र्याचं छत तापलेलं. दोन मिनिटांत सगळ्यांना घाम फुटला. नक्षी आखणाऱ्या मुलानं पेन्सिल खाली ठेवली, दुसऱ्यानं घासायचं थांबवलं. कुणी कुणाला सांगितलं नाही.

चाचांनी पहिला दोरा तार आणि घोडी यांच्यामध्ये घातला आणि तार छेडली. बंद, ठोकळ आवाज. रिकाम्या भांड्यावर टिचकी मारावी तसा. दोरा किंचित पुढं. पुन्हा छेडली. बाहेरून एक रिक्षा गेली. तेवढा वेळ त्यांचं बोट तारेवर नुसतं टेकून राहिलं. रिक्षा कोपऱ्यावरून वळली, आवाज विरला, मग बोट हललं. दोरा अजून थोडा पुढं, मग केसभर मागं. आणि एकदम तार उघडली. दूध उकळी फुटायच्या आधी पातेल्याच्या कडेनं गुणगुणायला लागतं, तसा तो सूर कडेकडेनं भरत आला आणि थांबेचना.

चारही तारांचं झाल्यावर चाचांनी तंबोरा सलग छेडायला सुरुवात केली.

“ऐका. गंधार ऐकू येतोय?”

तिनं डोळे मिटले. पंचम होता, षड्ज होता, खर्ज होता. आणि त्यांच्या वर, खर्जाच्या मागून, अगदी स्पष्ट गंधार होता.

“पण गंधाराची तारच नाही.”

“नाहीच. त्याला कुणी छेडत नाही. खर्जातनं आपला आपण येतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. जवारी नीट बसली तर येतो. नाय बसली तर कितीबी छेडा, येत नाय.”

मुलानं पंखा पुन्हा लावला. पंख्याची घरघर सुरू झाली आणि गंधार त्या घरघरीत मिसळून गेला; आहे की नाही, सांगता येईना.

“चाचा, एक विचारू? इतका वेळ रेडिओ चालू होता. तुम्ही स्वतः गुणगुणत होतात. मग जवारीलाच बंद का?”

चाचा हसले. “ताई, भोपळा घासायचा, दांडी घासायची, नक्षी कोरायची, पॉलिश मारायचं, ते हाताचं काम. त्याला रेडिओ पाहिजेच; नाहीतर ही पोरं दोन तासांत पळून जातील. जवारी कानाचं काम. कान दोन दिलेत देवानं, पण आत ऐकणारा एकच बसलाय. त्याला एका वेळी किती कामं सांगणार?”

“आणि पंखा? पंखा तर गात नाही.”

“पंख्याचं ऐका. मी विशीत होतो. अब्बांनी पहिल्यांदा एक तंबोरा माझ्या एकट्याच्या भरवशावर सोडला. मी असाच उन्हाळ्यात बसलो, पंखा लावून. दिवसभर जवारी काढली. संध्याकाळी अशी लागली, अशी लागली की मी हवेत. अब्बांना बोलावलं. ते आले आणि तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. मी तंबोरा छेडला, तर त्यात काही नाहीच. सुका. मला कळेना, आत्ता तर गात होता! अब्बा काय म्हणाले माहितीय? म्हणाले, निम्मा सूर पंख्याचा होता रे. गिऱ्हाईकाला तंबोऱ्याबरोबर पंखा पण देणार काय?”

मुलं हसली. त्यांनी ही गोष्ट बहुतेक पन्नास वेळा ऐकली असावी. तिला मात्र हसू आलं नाही. घाम पुसायला काढलेला रुमाल तिच्या हातातच राहिला.

पैसे देऊन ती निघाली, पण थेट सांगलीची रिक्षा पकडली नाही. तंबोरा उभा धरून ती मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी गेली. ज्यांची भैरवी महिनाभर तिच्या कानात होती ते खाँसाहेब याच गावात राहिले. १९३७ साली दक्षिणेत पाँडिचेरीला जाताना वाटेतच एका रेल्वे स्टेशनवर त्यांनी प्राण सोडला, आणि इथं, या दर्ग्याच्या आवारात, त्यांना आणून ठेवलं. कबरीजवळ ती थोडा वेळ बसली. तिला वाटलं, आपण या माणसाकडून उसनं घेतलं आणि ते आपल्या नावावर जमा केलं. डोळ्यांतून पाणी आलं ते खरंच होतं. पण ते त्यांनी काढलं होतं, आपल्या अकराव्या पानानं नाही. कथा पाठवताना आपण पान तेवढं पाठवलं. भैरवी इथंच राहिली.

घरी आल्यावर तिनं तंबोरा भिंतीशी टेकवला. रात्री टीव्ही बंद व्हायची वाट पाहिली, सगळे झोपले, सतराचा पाढाही कधीचा संपला. हेडफोन तिनं खणात ठेवला. मग उठून पंखा बंद केला आणि कथा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मनात नव्हे, पुटपुटत, स्वतःच्या कानाला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

अकराव्या पानावर होतं ते असं: ‘म्हातारीच्या डोळ्यांसमोरून सारं आयुष्य सरकत गेलं. त्या भिंती, ते अंगण, ती तुळस. हृदयात कुठंतरी खोल काहीतरी तुटलं. थरथरत्या हातानं तिनं किल्ली पुढं केली. तिला भरून आलं.’

तिनं तेच पुन्हा पुटपुटून पाहिलं. कुठंतरी म्हणजे कुठं? काहीतरी म्हणजे काय? त्या भिंती म्हणजे कोणत्या? शांततेत प्रत्येक शब्द ठोकळ वाजत होता. आता तिला स्पष्ट दिसलं. जिथं जिथं ‘काहीतरी’ आणि ‘कुठंतरी’ होतं, तिथं तिथं लिहिताना खाँसाहेबांचा सूर होता. तो सूर त्या खड्ड्यात भरलेला होता म्हणून तिला खड्डा दिसला नव्हता. संपादकांनी पान उघडलं तेव्हा त्यांना नुसता खड्डा मिळाला. ते चहा पीत होते यात त्यांचा काय दोष?

तिनं ती पाच वाक्यं खोडली. त्यांच्या जागी काय घालायचं ते मात्र सुचेना. पेन खाली ठेवून ती परत मागं गेली. पहिलं पान वाचलं. दुसरं पान वाचलं आणि मध्येच थांबली.

दुसऱ्या पानावर, कथेच्या अगदी सुरुवातीला, तिनंच एक ओळ लिहिली होती. म्हातारी देवळात जायला निघते तेव्हाची. पुरापासून वाड्याचं दार फुगून खाली बसलं आहे, त्यामुळे कडी लावताना ते पायानं थोडं उचलून धरावं लागतं, नाहीतर कडी कोयंड्यावर बसत नाही. जाता जाता लिहिलेली माहितीची ओळ. महिनाभर ती तिथंच होती आणि तिनं ती एकदाही ऐकली नव्हती.

बाहेर कुठंतरी एक कुत्रं भुंकून गप्प झालं. तिनं पेन उचललं.

नवं अकरावं पान असं झालं. बिल्डरचा माणूस मोबाइलवर बोलत बोलतच किल्ली घेतो. म्हातारी पायरी उतरून रस्त्यावर येते. तो दार ओढतो, कडी टाकतो. कडी बसत नाही. पुन्हा ओढतो, पुन्हा बसत नाही. म्हातारी परत वर चढते. ‘तसं नव्हे रे बाळा. पायानं उचलून धर. हां, अजून थोडं. आता लाव.’ कडी बसते. कुलूप लागतं. ‘लक्षात ठेव हं,’ म्हातारी म्हणते, ‘रोज असंच लावायचं.’ सोमवारी जेसीबी येणार असतो.

एवढंच. ना थरथरता हात, ना तुळस. लिहून झाल्यावर तिनं ते पुटपुटत वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. पण ‘रोज’ या शब्दावर तिचा आवाज थोडा अडला आणि ती तशीच बसून राहिली. छेडलेलं काही नव्हतं. आपला आपण आला होता.

पाचव्या दिवशी संपादकांचा फोन आला. अभिप्राय काही दिला नाही. बराच वेळ पलीकडून नुसतं घसा साफ केल्याचं ऐकू येत होतं.

“आमच्या गावाकडच्या घराचं दार असंच होतं,” ते शेवटी म्हणाले. “आमची आई खांद्यानं उचलायची. विसरलोच होतो मी.” मग आवाज बदलून, “कथा अंकात घेतोय,” म्हणून फोन ठेवला.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून तिनं संगीत सोडलं. तसं मुळीच नाही. रोज लिहायला बसताना ती तंबोऱ्याच्या तारा पाचेक मिनिटं छेडते. दिवसभराच्या नोटा, सह्या आणि शिक्के हातातून उतरायला तेवढा वेळ लागतो. पहिला खर्डा लिहिताना, घरात फारच गोंगाट असेल तर, बिनशब्दांचं काहीतरी हलक्या आवाजात लावते. मुलगा म्हणाला होता तसं, दार लावून घ्यायला. कथा टाइप करताना तर वाट्टेल ते चालतं, मुलाचं मेटॅलिकासुद्धा, कारण ते हाताचं काम. पण पात्रं बोलायला लागली, कथा शेवटाकडे वळली किंवा लिहिलेलं तपासायला घेतलं की हेडफोन खणात जातो. ते कानाचं काम.

कोणतं संगीत लावून लिहावं, असं तिला आता नवे लिहिणारे विचारतात. ती म्हणते, जे आवडतं ते लावा, नाव महत्त्वाचं नाही. फक्त एवढं ध्यानात धरा, की वाचकाच्या घरी आपलं पान एकटंच जातं. त्याच्याबरोबर ना आपली भैरवी जात, ना आपल्या डोळ्यांतलं पाणी. तेव्हा धाडण्याआधी एकदा त्याला आपल्याच घरी एकटं पाडून बघा. उभं राहिलं तर ते तुमचं.

तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्यावर तीनच शब्द आहेत: ‘पंखा बंद करून.’ परवा मुलानं ती वाचली आणि म्हणाला, “आई, विजेचं बिल एवढं येतंय का?”

“बिलाचं काही नाही रे,” ती मान वर न करता म्हणाली. “उधारी बंद केलीय.”